गोट्या, घरी ये रे

दारात ट्रकवाला उभा होता. सुईणीला वाटलं, ह्याच्या तोंडावर दार आपटावं. गेल्या वर्षी ह्याच्याच ट्रकखाली तिचा पोरगा गोट्या गेला होता. तेव्हापासून तिने एकाही बाळंतपणाला हात लावला नव्हता.

"बायको अडलीय. दवाखान्यापर्यंत पोचणार नाही ती," तो पायरीकडे बघत म्हणाला. "तुमच्याकडे यायला मला तोंड नाही, मावशी."

"नाहीच," ती म्हणाली आणि आत गेली.

आत गेली ती थेट देवासमोर. हात जोडायचंही भान नव्हतं. तिने त्याला सरळ सुनावलं, की अख्खी वस्ती सोडून नेमकं हेच घर सापडलं का तुला? दुसरं कुणी बघ. नुसता राग असता तर तिने तो गिळला असता. पण ते मूल हातात आलं आणि ऐन वेळी हात आखडले तर?

"मला माझ्याच हातांची भीती वाटते रे," ती म्हणाली.

देव नेहमीसारखा गप्प. पण तो "जाऊ नकोस" म्हणत नव्हता, हे तिला चांगलं कळत होतं. इतकी वर्षं भांडून तेवढी ओळख झालीच होती. तिने पिशवी उचलली, चपला घातल्या. आणि ट्रकवाल्याच्या मागोमाग त्याच्या घराकडे निघाली.

मूल आलं ते निळं पडलेलं. रडेना. सुईणीने त्याचं नाक-तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. खाटेवरून त्याची आई पुन्हा पुन्हा विचारत होती, की आवाज का येत नाही.

मूल रडेना की सुईण त्याला आपल्या मुलाच्या नावाने बोलवायची. ही तिची रीत सगळ्यांना ठाऊक. लोक थट्टा करायचे, वस्तीतली निम्मी पोरं आधी गोट्या होती, बारसं मागाहून झालं. खरा गोट्या मात्र एका हाकेत कधी आला नाही. चार हाका मारल्या की कुठे खेळ सोडून यायचा.

तो गेल्यापासून ते नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. हातातलं मूल गार पडत चाललं होतं.

"गोट्या," ती म्हणाली. आवाज फुटेना. मग पाठ चोळता चोळता तिने जीव एकवटून हाक मारली, गल्लीच्या टोकाला ऐकू जावी अशी. "गोट्या, घरी ये रे!"

मूल कण्हलं, थरथरलं आणि त्याने टाहो फोडला. बाहेर ट्रकवाला मटकन खाली बसला.

सुईणीने मूल गुंडाळून आईच्या कुशीत दिलं, हात धुतले, पिशवी भरली. ट्रकवाला हात जोडून काही बोलू पाहत होता, ते तिने ऐकलं नाही. ती उंबरठ्यावर थांबली आणि गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली. हाक मारली की ती अशीच थांबायची, तो येताना दिसेपर्यंत.