ओळीच्या मध्ये घेतलेला श्वास

"थांबा, थांबा! इथं!" वकीलबाईंनी बोट वर केलं.

मास्तरांनी गाणं थांबवलं. स्टुडिओत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. खूप वर्षांपूर्वी एका कार्टून सिनेमासाठी, हरवलेल्या बदकाच्या पिल्लासाठी, त्यांनी ही चाल बांधली होती. आता नव्या सिनेमात हत्तीचं पिल्लू जवळजवळ तीच चाल गात होतं.

"चाल राहू दे बाजूला," बाई म्हणाल्या. "पण तुमचं बदक ओळीच्या मध्येच श्वास घेतं, आणि हत्तीही अगदी त्याच जागी घेतो. एवढ्या हत्तीला कशाला हो दम लागेल?"

"तेव्हा गाणारी पोर लहान होती. तिला धाप लागायची. सगळे म्हणाले, दुसरी बघा. मी तो श्वास तसाच ठेवला, चालीतच बसवला."

"म्हणजे चोरी रंगेहाथ पकडली!" बाई खूश झाल्या. "आणि तोरा तर बघा या नव्या सिनेमाच्या संगीतकार बाईचा. पडद्यावर आडनावसुद्धा लावत नाही. बोला, भरपाई किती मागायची?"

"पैसे नकोत. तिनं समोर बसून सांगावं, हा श्वास तिनं कुठून आणला. बस्स. पण यायचं तिनं स्वतः."

कलावंत माणूस, जिव्हारी लागलंय, असं बाईंना वाटलं. त्यांनी नोटीस धाडली.

घरी अक्का, मास्तरांची थोरली बहीण, तयारच बसली होती.

"कोर्टकचेरी सुचतेय या वयात! सरळ फोन कर की तिला."

"उचलत नाही."

"कशी उचलेल? तोंडाला येईल ते बोललास तेव्हा. चूक तुझी होती, एकदा म्हणून तर बघ."

"समोर आली की बघतो."

अक्कानं कपाळावर हात मारला आणि चहा ठेवायला आत गेली.

कोर्टात जाण्याआधी दोन्ही बाजूंनी एकदा भेटावं असं ठरलं. वकीलबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मास्तरांनी हट्टच धरला, भेट तळमजल्यावरच हवी.

"अहो, आत्ताच तर तरण्या पोरासारखे भराभर चढून आलात!"

"तरीही. तळमजल्यावरच."

आता या माणसापुढे कोण डोकं फोडणार? बाईंनी खालच्या विमा कचेरीतली एक खोली मागून घेतली.

त्या दिवशी मास्तर केस कापून, नवा शर्ट घालून सर्वांच्या आधी येऊन बसले. दाराकडे तोंड करून. पाण्याचा ग्लास त्यांनी समोरच्या खुर्चीपुढे सरकवला, मग जरासा आणखी सरकवला.

दार उघडलं. समोरच्यांचा वकील आत आला. एकटाच. त्याच्यामागे दार आपोआप लागलं.

"आमच्या बाई येणार नाहीत," तो म्हणाला. "पण त्यांना सगळं मान्य आहे. चाल तुमची, नाव तुमचं लागेल, गाण्याची कमाईही तुमची. त्यांनी सही करून दिलीय. अट एकच. यापुढे फोन नाही, पत्र नाही, घरी येणं नाही. कधीच."

"मास्तर, जिंकलो की हो!" बाईंना खुर्चीत बसवेना. "तोंडातून शब्द न काढता जिंकलो!"

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आनंद अनावर झाला असणार, म्हणून बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मास्तरांनी कागद पुढे ओढला. ती अट बोट ठेवून वाचली आणि खाली सही केली. वकील कागद बॅगेत घालून उठला.

"साहेब, एक विचारू?" मास्तर म्हणाले. "आमची मुलगी जिना चढताना अजून मध्येच थांबते का हो, श्वास घ्यायला?"