पाचपैकी पाच

सरांनी आलेख पडद्यावर लावला आणि ते खुर्चीत मागे रेलले. "बघा, पॉलिशिंग खातं सगळ्यात वर. जवळजवळ पाचपैकी पाच."

आकडेबाई उठून पडद्याजवळ गेल्या. ऑफिसात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. पाहणी कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासाची होती, आणि त्या पॉलिशिंगच्या धुळीत त्यांचा धाकटा भाऊ कामाला होता.

"सर, हे उलटं झालंय. एक म्हणजे काही त्रास नाही. पाच म्हणजे बोलतानाही धाप लागते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याला हे लेबल होतं. नव्यात फाइल आणताना लेबलं गळाली, नुसते आकडे आले."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आकडे आले ना, बास झालं."

सरांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता, नुसता घायकुता होता. अहवाल परवाच कारखान्याला गेला होता. मालक खूश झाले आणि त्यांनी धूळ ओढणाऱ्या पंख्यांची ऑर्डर रद्द केली, हे सरांनीच सकाळी चहा पिताना कौतुकाने सांगितलं होतं.

"लेबलं लावून देते, सर. अर्ध्या तासाचं काम. सुधारित अहवाल पाठवू."

"आणि कुठल्या तोंडाने पाठवू? आम्हाला आमचेच आकडे वाचता आले नाहीत म्हणून?" सरांनी आलेख बंद केला. "पुढच्या पाहणीत काळजी घेऊ."

"पुढची कधी?"

"बघू. तीनेक वर्षांनी."

आकडेबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जागेवर जाऊन त्यांनी एकेक लेबल लावलं, आलेख पुन्हा काढला. पॉलिशिंगची पट्टी होती तेवढीच उंच राहिली. ती कशाची, ते आता खाली लिहिलेलं होतं. तो आलेख त्यांनी सरांना पाठवला. सरांनी उघडला, पण उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी भाऊ घरी आला. जिना चढून आल्यावर तो दारातच भिंतीला टेकला. त्यांनी पाणी पुढे केलं. त्याने हातानेच थांब म्हटलं.

"ताई," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गेटवर बोर्ड लागलाय. आमचं खातं पहिलं आलं म्हणे." पुन्हा दम घेतला. "कशात, ते कुणालाच माहीत नाही. तुला माहीत आहे का गं?"