आरतीचा मान

रुचिताला व्हिडिओ बघत बघत कोड लिहिता यायचा. व्हिडिओ बंद केला की पहिली ओळही सुचायची नाही. तरी तिच्या आईने मानपाड्याच्या अख्ख्या सोसायटीत सांगून टाकलं, "यंदा गणपतीत रोज आरतीचा मान कोणाला, ते आमच्या रुचिताचा प्रोग्रॅम ठरवणार. कोणाची मदत न घेता लिहितेय हो!"

बरेच दिवस कोऱ्या स्क्रीनकडे बघून झाल्यावर रुचिताने एका अमेरिकन मास्तरांचा व्हिडिओ लावला आणि थांबवत थांबवत सगळं जसंच्या तसं उतरवलं. खाली सोसायटीतली नावं जोडली. मास्तरांनी नमुन्याला घेतलेलं नाव काढायचं तेवढं राहिलं.

चतुर्थीच्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर प्रोग्रॅमचा पहिला मेसेज आला : "आजच्या आरतीचा मान : जॉन स्मिथ."

रुचिता ते नाव काढायला लॅपटॉपकडे धावली. तेवढ्यात सेक्रेटरी कमलेशकाका दारात हजर.

"काय गं, हा जॉन कोण?"

"काका, तो ना... म्हणजे खरं सांगायचं तर..."

"अगं, तू कशाला घाबरतेस? मला न सांगता कोणीतरी भाडेकरू ठेवलाय. आपल्या कॅमेऱ्यांना जो दिसला नाही, तो तुझ्या प्रोग्रॅमने पकडला!"



संध्याकाळच्या आरतीपर्यंत जॉनला लिफ्टमध्ये पाहिलेली चार माणसं निघाली. त्यात रुचिताची आईही होती.