फणसोंब्याचा गुण

"काका, तुमचा कॅन्सर मेला! पेढा घ्या," संशोधक मॅडम प्रयोगशाळेच्या दारातच म्हणाल्या.

विश्राम गवसांनी तोंडात बोट घालून पाहिलं. जिभेवरची गाठ जागच्या जागी होती.

"तिथला नव्हे हो, बशीतला!" फणसाच्या खोडावरची औषधी अळंबी, फणसोंबा, काकांनीच आणून दिली होती आणि गाठीचा तुकडाही त्यांचाच. अळंबीच्या अर्काने काचेच्या बशीतल्या त्या पेशी साफ मेल्या होत्या.

"आता औषद माका कधी?"

"अजून उंदीर, ससे, परवानग्या. दहा वर्षं तरी धरा."

"मगे माकाच ठेवा त्या बशीत."

प्रयोगशाळेतले सगळे खो खो हसले. मॅडमनी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. "परत म्हणा काका, जरा स्पष्ट. परिषदेत ऐकवते."