नुसतं पित्त

"घरात आणखी कुणाचं असं डोकं दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाचंच नाही," माझा मुलगा म्हणाला. "आईला नुसतं पित्त होतं."

आठ वर्षांची नात माझ्या पदरात तोंड लपवून बसली होती. तिला उजेड सोसत नव्हता. सून वैतागली होती. "गणिताची चाचणी आली की हिचं दुखणं सुरू. तुम्हीच समजवा हिला, डॉक्टर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आजी, पित्त झालं की नेमकं काय होतं?"

चौथीच्या मुलांना सांगावं तसं मी सावकाश सांगितलं. आधी फळ्यावर चमकत्या नागमोडी रेघा दिसायच्या. मग एकच बाजू ठणकायची, पोरांचा पाढाही कानाला नकोसा व्हायचा. उलटी झाली की थोडा आराम पडायचा. तशीच वर्ग घ्यायचे. माझ्या आईचंही असंच होतं.

"ही अर्धशिशी, आजी. पुष्कळदा ती रक्तातून येते. हिलाही तीच दिसतेय."

सुनेचा हात नकळत लेकीच्या पाठीवर गेला. नातीने पदरातून डोकं वर काढलं.

"म्हणजे माझं खरंच दुखतं ना?"

"खरंच दुखतं, बाळा," मी म्हणाले.

"तुला तेव्हा कोणतं औषध द्यायचे गं, आजी?"

"आमसुलाचं पाणी."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "आई, एवढं व्हायचं तर बोलली का नाहीस कधी?"

माझ्यात आता कुणाला काही समजावायचं त्राण नव्हतं.

"बोलायचे की रे. आमसुलं तूच तर भिजत घालायचास."