लिंबावरून निघालेली गाडी

सुज्ञ वाचकांपुढे येथे एका जुन्या मोटारीचा, एका निजण्याच्या गाडीचा आणि एका नवऱ्याच्या भयाचा प्रसंग मांडावयाचा आहे. प्रसंग पळभराचाच आहे. तथापि भयाला घड्याळ कळत नाही, हे वाचकांनी ध्यानी धरावे.

सन एकोणीसशे पंचावन्नची रामनवमी उद्यावर आली होती. इंझोरीचे बागाईतदार पुंजाजी सकाळीच आपल्या उतरत्या अंगणात उभे होते. वरच्या अंगाला, उताराकडे तोंड करून, लष्कराच्या लिलावातून निघालेली जखमींची बंद गाडी उभी होती. खालच्या अंगाला, जेथून वाट वळून रस्त्याला लागते, तेथे त्यांची कापडी टपाची जुनी मोटार होती. आणि मोटारीच्या पाठीशी बिनकठड्याची विहीर.

ती मोटार पुंजाजींनी वीस वर्षे स्वतःच्या हाताने राखली होती. तिला कोणत्या चढावर पाणी पाजावे, तिचा खोकला कोणत्या नळीतून येतो, हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. परंतु पत्नी सोजरबाईंचे गुडघे धरले होते, आणि पोहरादेवीच्या यात्रेत उघड्यावर निजणे त्यांना सोसवेना. म्हणून दहा गाड्या नाकारून पुंजाजींनी पाय पसरता येतील अशी ही एक निवडली. ती घेऊन आलेला लमाणांच्या तांड्यावरचा फुलसिंग बदल्यात मोटार नेणार होता.

"मालक, आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर घर लादून मुलूख पाह्यला," फुलसिंग हसत म्हणाला, "तुमी चाकावर लादून राह्यले. आता तुमी बी लमाणच!"

"लमाण काहून? तांड्याचा नायक म्हण की रे," सोजरबाई म्हणाल्या. "घरच्या खाटेवर याहिले झोप येत नाही, अन् चाकावर येईन म्हनतेत!"

पुंजाजी हसले नाहीत. गाडीच्या तळाच्या फळ्यांवर एक काळपट डाग होता. तो रंगाचा की रक्ताचा, हे न पाहता त्यांनी त्यावर सतरंजी अंथरली होती. शिवाय हातब्रेकचा दांडा लोण्यातून निघावा तसा वर आला होता. जुन्या मोटारीचा दांडा ओढताना खांदा भरून येई.

"हा एवढा मऊ कायले रे?"

"नव्या तऱ्हेचं काम आहे, मालक. भेता कायले?"

आमच्या भागी नवी गाडी घरी आली की घरधनीण आत बसते, धनी चारही चाकांपुढे स्वहस्ते लिंबे ठेवतो आणि ती चिरडून गाडी हाकतो. सोजरबाईंनी गाडीच्या पुढच्या पत्र्यावर हळदकुंकू वाहिले, त्या मागून आत चढल्या, आणि फुलसिंगाने बाहेरून कडी घातली. खिडक्यांना आणि चालकाच्या आसनामागेही पत्रे ठोकलेले होते.

"आवो, मी बसली. काढा आता."

"काढतो. धरून बस."

मागच्या चाकांपुढे लिंबे ठेवून झाली. पुढच्या चाकांना दगड लावलेले होते. पाय ब्रेकवर ठेवल्यावाचून दगड काढावयाचा नाही, हा पुंजाजींचा वीस वर्षांचा नेम. पण लिंबू ठेवावयाचे ते दगडाच्याच जागी, आणि तेही धन्याच्याच हाताने. देवाच्या कामात नेम कसला मध्ये आणावा? त्यांनी एक दगड काढून लिंबू ठेवले. दुसरा दगड काढला. लिंबू ठेवले.

ते पिचकल्याचा आवाज झाला.

पुंजाजींनी मान वर केली. बसलेली म्हैस उठावी तशी गाडी संथपणे हलली होती. त्यांनी दगड पुन्हा चाकाखाली सारला. चाक त्यावरून चढून गेले. त्यांनी चालकाच्या दाराला हात घातला. दार हातातून निसटले.

"मालक, इहीर!" फुलसिंग ओरडला.

गाडीला वेग येण्याआधी पुंजाजी तिच्यापुढे धावत सुटले. त्यांनी आपल्या मोटारीत उडी घेतली आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"मालक, उतरा! तुमी बी जासान!"

पुंजाजींनी समोर पाहिले. कुंकवाचे बोट ओढलेली गाडी त्यांच्यावर येत होती. काचेमागे चालकाचे आसन दिसत होते. त्यावर कोणी नव्हते. त्यांनी डोळे मिटले.

धडक बसली. मोटार मागे घसरली, आणखी घसरली. मग पुंजाजींना पाण्याचा खळखळाट ऐकू आला, आणि आपण विहिरीत आहोत अशी त्यांची खात्री झाली. पायांतील जोर मात्र त्यांनी सोडला नाही.

"मालक," कानाशी फुलसिंगाचा आवाज आला, "फुटली मोटर. पानी वाहून राह्यलं तिचं. मी दगड लावले. आता सोडा पाय."

मोटारीचे मागचे चाक विहिरीच्या काठावर होते. पुंजाजी उतरले. गाडीला वळसा घालून ते मागच्या दाराशी गेले, परंतु कडीला हात लागेना. आत काहीच आवाज नव्हता. शेवटी कडी फुलसिंगाने काढली.

सोजरबाई मांडीवर उशी घेऊन, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"एवढ्यात काहून थांबवली जी?" त्यांनी विचारले. "गड्डा लागला वाटते."

पुंजाजींनी दाराची चौकट धरली.

"बाई, तुमाले भेव नाही वाटलं?" फुलसिंगाने विचारले.

"मले कायचं भेव, बाप्पा?" सोजरबाई म्हणाल्या. "हे चालवून राह्यले होते ना. मी त डोये मिटून बसली होती."

इतके निवेदन करून लेखणी खाली ठेवतो. आपल्या कामाधामातून वेळ काढून ज्यांनी हे वाचले, त्या सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला,
रामधन सखाराम ढोके, मुक्काम कामरगाव