कडू की गोड?

डीननी विद्यापीठाची मेस बंद करून दहा आठवडे झाले होते. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून दर सोमवारी आमची विद्यार्थी प्रतिनिधी देल्फिना अंगणात सभा घ्यायची. तेव्हा गरम येर्बाची, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाची, वाटी हातोहात फिरायची, सगळे एकाच नळीने प्यायचे. देल्फिनाचा नंबर कायम शेवटचा. तिला त्यात दोन चमचे साखर आणि वर संत्र्याची वाळलेली साल लागायची, आणि एकदा गोड झालेली वाटी मग दुसरं कोणी तोंडाला लावत नसे.

"झालं का बाईसाहेबांचं सरबत?" आम्ही चिडवायचो.

"गप रे! हे बघा, तुमच्यापासून मी काही लपवणार नाही," ती म्हणायची. "तो डीन मला दारातसुद्धा उभं करत नाही. अजून तोंड पाहिलेलं नाही मी त्याचं. थोडं थांबा."

आम्ही थांबलो, गाढवासारखे. माझ्या खोलीतला एलिसेओ मात्र उपाशीपोटी किती दिवस काढणार? तो शिक्षण सोडून चाकोला, आपल्या गावी निघून गेला.

शेवटी डीननी वेळ दिली. "पहिल्यांदाच जातेय, सोबत चल ना," म्हणत देल्फिनाने मला नेलं. डीननी स्वतः येर्बा केली, रीतीप्रमाणे पहिली वाटी स्वतः प्यायले आणि मला विचारलं, "तुम्ही कशी घेता? कडू की गोड?"

"कडू."

माझी पिऊन झाली.



देल्फिनाला त्यांनी काहीच विचारलं नाही. दोन चमचे साखर घातली आणि टेबलाच्या खणातून संत्र्याची साल काढली.